डाव्या कानाकडची जागा

सोमवारी नवऱ्याच्या समाधीला जायचं तर आधी मुलाकडे किल्ली मागायची, अशी वेळ गौराबाईवर आली तेव्हा तिची पंच्याहत्तरी उलटून गेली होती. पितळी ताटलीत बेलाची पानं, विभूती आणि वर तांब्याभर पाणी घेऊन ती ऊन चढायच्या आत माळावर पोचली. बघते तर काय, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, कुंपणाला लोखंडी फाटक आणि फाटकाला नारळाएवढं कुलूप. दुसरी कुणी असती तर बाहेरूनच हात जोडून परत फिरली असती. गौराबाईनं आधी कुलपाला दगड मारून बघितला. कुलूप काही तुटलं नाही, हाताला मात्र झिणझिण्या आल्या. तेव्हा ती तरातरा घरी आली आणि जेवायला बसलेल्या विरेशपुढे ताटली आदळून म्हणाली, "तुझ्या बापानं जल्मात कवा दाराला कुलूप लावलं न्हाई. आन तू त्यायला मेल्यावर कोंडून ठिवायलास?"

विरेश म्हणाला, "त्यायला न्हाई गं माय. फुलाला."

या फुलानं गौराबाईचा जीव अगदी मेटाकुटीला आणला होता.

चारठाण्याच्या अलीकडे जो मुरमाड माळ लागतो, त्याचा एक तुकडा गौराबाईच्या सासरचा. लिंगायतांत माणूस जाळत नाहीत. त्याला आंघोळ घालून, विभूती लावून, हातावर त्याचं इष्टलिंग ठेवून, मांडी घालून बसवतात आणि तसाच जमिनीच्या स्वाधीन करतात. या घरातली सगळी वडीलधारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या तुकड्यात बसलेली. त्यामुळे तिथं कधी नांगर गेला नाही की ट्रॅक्टर फिरला नाही. आजूबाजूचे माळ कधीच मोडले. निम्म्यांवर सोयाबीन आलं आणि निम्म्यांचा मुरूम होऊन रस्त्यावर पडला. राहिला तो एवढा तुकडा आणि त्यात ते फूल.

फूल तरी काय म्हणावं? वीतभर दांडा आणि त्यावर मान टाकलेलं, वांग्याच्या सालीच्या रंगाचं, बोटाच्या पेराएवढं काहीतरी. वास घ्यावा तर ओल्या गोणपाटाचा. श्रावण सरता सरता उगवायचं, भादव्यात वाळून जायचं. समाधीच्या जागेत उगवतं म्हणून बायकांनी ते कधी डोक्यात माळलं नाही, देवाला तर लांबच राहिलं. त्याला नाव द्यायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. मग परभणीच्या कॉलेजातल्या सविता मॅडम रानफुलं बघत माळावर आल्या. त्या फुलापुढे गुडघे टेकून बसल्या आणि उठेचनात. पुढे कळलं की असं फूल या एवढ्या टापूत सोडलं तर आजवर कुठंच कुणाला सापडलेलं नाही. त्याला एक लांबलचक विलायती नाव मिळालं, पेपरात फोटो आला, आणि तेव्हापासून घरात फुलाशिवाय दुसरा विषय राहिला नाही.

विरेश वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चारठाण्याला त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे, आईला दोन वेळचं गरम जेवण आहे, दुखलं खुपलं तर जिंतूरच्या दवाखान्यात तो स्वतः घेऊन जातो. पण कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला एकदम कौतुक मिळालं की त्याचं जे होतं ते त्याचं झालं. गावाच्या वेशीवर फलक लागला. त्यावर विरेशचा हात जोडलेला मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगाच रांगा, आणि कोपऱ्यात फूल, शर्टाच्या गुंडीएवढं. मग गावानं कार्यक्रम ठेवला. शाल, नारळ, माईक. माईक हातात आल्यावर विरेशचा आवाज चढला. "हे फूल म्हणजे आपल्या गावाचं नाक हाय! या मातीत इथून पुढं कुदळ पडणार न्हाई, हा माझा शब्द हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांत गौराबाईही होती, आणि चांगल्या जोरजोरात वाजवत होती. पोराचं कौतुक कुणाला नको? घरी येऊन रात्रीच्या भाकरीला पीठ मळायला बसली तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. या मातीत कुदळ पडणार नाही म्हणजे कुणासाठी पडणार नाही? त्या तुकड्यात जायचं राहिलेलं वडीलधारं माणूस आता घरात एकच होतं, आणि तेच पीठ मळत बसलं होतं.

आणि गौराबाईला तिथं नुसती जागा नको होती, तिची जागा हवी होती. ती ठरलेली होती.

तिचा नवरा चन्नप्पा मुलखाचा अबोल माणूस. गौराबाई पालमची. तिच्या बापाचं तिथल्या बाजारात दुकान होतं आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून या पोरीची जीभ लहानपणीच सुटलेली. लग्नानंतर घरात दोघांच्या वाटचं तीच बोलायची. चन्नप्पानं तिला जन्मात कधी साडी पसंत करून आणली नाही. जिंतूरला नेलं तरी दुकानात ती शिरायची आणि हा बाहेर चपलांपाशी उभा. पण त्याच्या वडिलांना बसवून लोक परतले, तेव्हा तो तिला म्हणाला, थांब. मग टाचेनं मातीत एक रेघ ओढली. "ही माझी." तिच्या बाजूला दुसरी ओढली. "ही तुझी. माझ्या डाव्या अंगाला."

"डाव्याच कामून?" तिनं विचारलं.

"उजव्या कानानं मला ऐकायला येत न्हाई," चन्नप्पा म्हणाला आणि चालायला लागला.

एवढंच. पण एवढ्यावर गौराबाईनं पुढचा सगळा संसार काढला. ती भांडली, रडली, रुसली, आणि प्रत्येक वेळी हा माणूस आपलं ऐकून घेतो आणि मेल्यावरही ऐकून घ्यायची त्याची तयारी आहे, याचा तिला मनातून आधार वाटला. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगायला लाज वाटायची. चन्नप्पा जाऊन त्याच्या जागी बसला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आणि त्याच्या डाव्या अंगाला, त्या दुसऱ्या रेघेच्या नेमकं आत, ते मेलं फूल सगळ्यात दाट उगवत होतं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी तिनं विषय काढला. "विरेश, मी गेल्यावर मला कुठं बसवणारेस?"

"माय, सकाळी सकाळी काय अभद्र बोलायलीस!" विरेश उठूनच गेला.

दुपारी तिनं सुनेला गाठलं. वैजयंती मनानं मऊ. तिच्या डोळ्यांत लगेच पाणी. "आत्याबाई, असं कामून म्हणता? तुमी शंभर वरसं जगणार हाव."

"अगं, शंभर झाले तरी एकशेएकाव्या वर्साला कुठं जाऊ, तेच इचारायले."

"न्हाई न्हाई, असं बोलू नये," म्हणत वैजयंतीनं तिच्या पुढ्यात चहा आणून ठेवला. कुणाचं तोंड बंद करायचं तर चहा ठेवायचा, ही त्या घराची जुनी रीत.

शेजारणीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. नातीनं फोनवर "आजी प्लीज" म्हटलं. सोमवारी भिक्षेला येणारे जंगम स्वामी तरी या विषयाचे जाणकार, त्यांच्या हातूनच हे सगळं व्हायचं, म्हणून तिनं त्यांना धरलं. स्वामी डोळे मिटून म्हणाले, "माय, सगळी जागा शिवाचीच. इथं काय आन तिथं काय."

"मंग तुमी मठाला रस्त्याकडचीच जागा कामून मागायलाव?" गौराबाईनं विचारलं. स्वामींनी डोळे उघडले, झोळी उचलली आणि त्यानंतर दोन सोमवार ते या आळीत फिरकले नाहीत.

आता सांगा, माणसानं करावं तरी काय? जमिनीचं भांडण असतं तर पंच बसले असते. भाकरीचं असतं तर लोक गौराबाईच्या बाजूनं उभे राहिले असते. पण आपल्या मरणाच्या जागेसाठी भांडायचं तर समोरचा माणूस भांडायलाच तयार नाही. तोंड उघडलं की हा कानावर हात ठेवतो, ती डोळे पुसते, तिसरा शंभर वर्षांचा आशीर्वाद देतो. सगळ्यांनी मिळून तिला इतकं आयुष्य देऊन टाकलं होतं की त्यात तिची जागा कुठल्या कुठं गेली.

एकदा मात्र विरेश जेवता जेवता कसाबसा बोलला. "चारठाण्याला समाजाची भूमी झाली माय. पत्र्याचं शेड हाय, नळ हाय. सगळी सोय हाय."

"मला काय तिथं भांडी घासायचीत?"

"मंग आपल्याच माळावर अप्पाच्या उजव्या अंगाला जागा हाय की. तिथं फूल न्हाई. तिथं म्हणशील तर..." पुढचं त्याला बोलवेना. त्यानं तसाच हात धुतला.

"उजव्या अंगाला नको."

"कामून पण?"

गौराबाई गप्प बसली. ती गप्प बसते म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे चन्नप्पाला कळलं असतं. विरेशला कळलं नाही. त्याला वाटलं, म्हातारपणात माणूस जिद धरतं, तशीच ही.

भादवा आला की विरेश दिवसभर फाटक उघडं ठेवायचा आणि माणसांची रीघ लागायची. गाड्या थेट माळापर्यंत. कुणी फोन उंच धरून आडवे झोपायचे, कुणी समाध्यांच्या चौथऱ्यावर पाय ठेवून उभे राहायचे. गौराबाई फाटकाशी बसून त्यांना पाय खाली घ्यायला लावायची. फूल बघून निम्मे लोक म्हणायचे, "एवढंसंच हाय की!" हे ऐकलं की का कोण जाणे, तिच्याच तळपायाची आग मस्तकात जायची. "तुमाला काय तोरण बांधायचं हाय का त्याचं?" ती खेकसायची. म्हणजे फूल तिला नको होतं, पण फुलाला कुणी नावं ठेवलेलीही तिला खपत नव्हती. आपल्या घरात राहणाऱ्या माणसाला आपण बोलावं, बाहेरच्यानं नाही, असाच काहीसा हिशेब.

पुढच्या वर्षी गावानं पुन्हा कार्यक्रम केला, या खेपेला माळावरच. मंडप, खुर्च्या, जिंतूरहून आलेले पाहुणे. विरेश माईकवर उभा. "मागच्या वर्सी मी शब्द दिला होता..." त्यानं सुरुवात केली, आणि गौराबाईच्या डोक्याची शीरच तडकली. फाटक पाहुण्यांसाठी उघडं होतं. ती उठली आणि सरळ आत गेली. चन्नप्पाच्या समाधीला वळसा घातला, त्याच्या डाव्या अंगाला आली, लुगडं सावरलं आणि फुलांच्या मधोमध मांडी घालून बसली. गुडघे कुरकुरले, पण बसली.

"आजी! फूल! फूल!" एकच ओरडा झाला. "अहो आजी, उठा!"

"उठत न्हाई," गौराबाई म्हणाली. "ही माझी जागा हाय. मला हितंच बसवायचं ठरलंय. मी मेल्यावर तुमी कुणी ऐकणार न्हाव, म्हणून जितेपणीच येऊन बसले. काढायचं असंल तर आता उचलून काढा."

विरेशच्या हातातला माईक तसाच चालू होता, त्यामुळे हे सगळं भोंग्यातून पार वेशीपर्यंत गेलं. तो धावत आला. "माय, काय शोभा करायलीस! लोक बगायलेत!"

"बगू दे. फुलाला बगायला आलेत, मलाबी बगतील."

सविता मॅडमही धावत आल्या होत्या. गौराबाईच्या मांडीखाली चिरडलेले दांडे त्यांना दिसले आणि त्यांचा चेहरा उतरला. गौराबाईनं ते बघितलं. ही बाई आता ओरडणार, आणि आपण तिला काय काय सुनवायचं याची तिनं तयारी करून ठेवली होती. मॅडम ओरडल्या नाहीत. फाटकाच्या आत बेतानं पाय टाकत आल्या, समोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, नेमकी कुठपासून कुठपर्यंत लागते जागा?"

गौराबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. गेलं अख्खं वर्ष ती घरादाराला आणि स्वामींनासुद्धा विचारत हिंडली, आणि हा साधा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारत होतं. शंभर वर्षांचा आशीर्वाद नाही, चहा नाही. तिनं हातानं मातीवर दोन्ही टोकं दाखवली.

"आणि उजव्या अंगाला चालणार नाही का?" मॅडमनी विचारलं. " तिकडं फूल नाही म्हणून विचारते."

"उजव्या कानानं त्यायला ऐकायला येत न्हाई," गौराबाई हळूच म्हणाली.

मागं उभ्या विरेशनं ते ऐकलं. अप्पांच्या उजव्या बाजूनं हाक मारली की ते वळायचे नाहीत, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि विचार करून म्हणाल्या, "याचा कांदा खाली असतो आजी, लसणाच्या गड्डीसारखा. आत्ता फुलावर आहे, आत्ता हात लावला तर मरेल. पण उन्हाळ्यात तो झोपलेला असतो. तेव्हा मातीसकट काढून शेजारी लावता येईल. जगेल का नाही, शंभर टक्के नाही सांगता येत. पण बरेचसे जगतील. फक्त..." त्या जरा अडखळल्या. "उन्हाळा यायच्या आत काही झालं तर पंचाईत आहे."

"म्हंजी?" गौराबाईनं कपाळावर हात मारला. "आता मरायचं ते बी या फुलाला इचारून?"

यावर मात्र मॅडम हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून गौराबाईही.

एवढं झालं म्हणजे सगळं मार्गी लागलं असं वाटेल. कुठलं काय! हिवाळा सरला, होळी झाली, माळ वाळून कडक झाला, आणि विरेश कुदळीला हात लावेना. आज दुकानात माल आला. उद्या परभणीला काम आहे. शेवटी वैजयंतीच्या तोंडून खरं बाहेर पडलं. जित्या माणसाची जागा खणली की ते माणूस जास्त दिवस राहत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गौराबाईनं ते ऐकून घेतलं. खुरपं घेतलं, घमेलं घेतलं, कुंपणाची किल्ली खुंटीवरून काढली आणि एकटीच माळावर गेली. विरेश मोटारसायकलवरून मागे पोचला तेव्हा ती मातीत बसून खुरप्यानं ढेकळं उकरत होती.

"माय, आण इकडं," त्यानं खुरपं तिच्या हातातून काढून घेतलं. मॅडमला फोन लावला. त्या दुपारी आल्या.

"आधी आखून घ्या," मॅडम म्हणाल्या. "लागेल तेवढंच खणू. उगाच जास्त कांदे हलवायला नकोत."

विरेशनं गोणपाट अंथरलं. गौराबाई त्यावर मांडी घालून बसली, तोंड पूर्वेला, चन्नप्पाचं होतं तसंच. विरेशनं काठी घेतली आणि तिच्याभोवती रेघ ओढत फिरला. वडिलांच्या वेळचा खड्डा त्याच्या डोळ्यांपुढे होता. चन्नप्पा धिप्पाड माणूस. त्या मापानं त्यानं मोठं रिंगण घातलं आणि मागं सरून बघितलं. रिंगणाच्या मध्ये आई बसली होती आणि चहूकडे नुसती मोकळी माती. त्यानं पायानं रेघ पुसली, आतून दुसरी ओढली. तरी भोवती जागा उरलीच. तीही पुसली. तिसऱ्यांदा ओढली ती लुगड्याच्या काठाला जवळजवळ लागली. तरी बसायला जागा पुरून उरत होती.

जिच्या हातचा मार खाताना तिची सावली अख्ख्या अंगणावर पडल्यासारखी वाटायची, ती ही बाई. उचलून विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात बसवावी एवढीशी झाली होती, आणि हे त्याला रोज एका घरात राहून दिसलं नव्हतं. एवढ्याशा जागेसाठी त्यानं तिला दोन भादवे रडवलं होतं. काठी टाकून तो रेघेवरच खाली बसला. तोंड दोन्ही हातांत धरलं.

गौराबाईचं लक्ष नव्हतं. तिनं मान उजवीकडे वळवली होती आणि चन्नप्पाच्या समाधीकडे बघून तिचं सुरू झालं होतं. पोरानं कुलूप कसं लावलं, स्वामी कसे पळाले, लोक फुलाला एवढंसंच हाय की म्हणतात, सगळं. मध्येच तिला हुंदका ऐकू आला.

"माय," विरेश म्हणाला, "तू एवढी बारीक कवा झालीस गं?"

"तू कुलूप आणायला गेलतास तवा," गौराबाई म्हणाली.

मॅडम घमेलं घेऊन उगाचच पलीकडे गेल्या. विरेशच्या खांद्यावर गौराबाईनं हात ठेवला, आधी मायेनं आणि मग जरा जोर देऊन.

"आता रडत बसू नको. उठीव मला," ती म्हणाली. "गुडघे धरलेत. इतक्यात न्हाई बसायचं मला हितं."